दोन मंगळवार

कॅप्टनची बायको म्हटलं की लोकांना डेकवरची आरामखुर्ची आणि हातातलं सरबत दिसतं. क्रू लिस्टमध्ये मात्र माझं नाव सगळ्यात शेवटी, हुद्दा 'सुपरन्युमररी'. "म्हणजे काय रे?" विचारलं, तर साहेब म्हणाले, "जादा." लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर ते लेखी मिळालं.

जपानहून व्हँकुव्हरला गहू भरायला निघालो होतो. रिकामं जहाज उत्तर पॅसिफिकमध्ये असं डोलतं, की टेबलक्लॉथ ओला करून अंथरला तरच ताटं जागेवर राहतात. आमटी तरीही वाटीत तिरकीच उभी. त्यात पूर्वेकडचा प्रवास, म्हणजे दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर पुढे आणि झोपेला तेवढीच कात्री.

अंगारकी नेमकी वाररेषेपाशी आली. कालनिर्णयात चंद्रोदय मुंबईचा, पुण्याचा. आमच्या पाण्याचा कुठून असणार? थर्ड मेट पोरगा चंदीगडचा, पण त्यानं नॉटिकल अल्मनॅक उघडून पेन्सिलीनं गणित मांडलं आणि 9 वाजून 52 मिनिटं अशी वेळ काढून दिली. आमच्या भटजींनी आजवर इतकी नेमकी वेळ दिलेली नाही. वर ढग गच्च. चंद्र आहे असं धरून, ब्रिजवरूनच नमस्कार केला आणि मोदक खाल्ला.

"उद्या परत मंगळवार," साहेब सहज बोलून गेले. 180 अंश रेखांश पूर्वेकडे ओलांडला की तोच वार, तीच तारीख पुन्हा.

"म्हणजे परत अंगारकी?"

"वार माझ्या हातात आहे, तिथी नाही. उद्या पंचमी."

घरी एकादशी कधी ते न कळणारा माणूस हा! पण गॅलीतल्या फळ्यावर 'मंगळवार – मॅडमचा उपास' तसंच राहिलं होतं, आणि कुक फळ्यापुढे कुणाचं ऐकत नाही. दुसऱ्या मंगळवारीही खिचडी आली. तिथीवाले साहेब दोन बशा जेवले.

परतीला उलटा हिशोब, एक वार गळणार. आणि रेषा येत होती शनिवारी रात्री! रविवार गेला की रविवारची बिर्याणी गेली. संध्याकाळी रत्नागिरीचा आमचा बोसन टोपी हातात घेऊन दारात.

"वहिनी, साहेबांना सांगून सोमवार खाता येईल काय?"

मी साहेबांच्या चहात आलं जरा जास्तच किसलं.