चारशे बारा कोण?

आमच्या घरात रात्री अडीच वाजता भूक लागते. लागते एकट्या मुलाला, पण जागं सगळं घर होतं. त्याचं ऑफिस अमेरिकेच्या घड्याळावर चालतं, त्यामुळे त्याची मधली सुट्टी आमच्या गाढ झोपेत येते. आधी पातेल्याचा आवाज, मग लायटरची टिकटिक, आणि मग तो वास. त्यात हळद ओळखू येते, लसूण ओळखू येतो, धणे ओळखू येतात. त्यांच्या मागे आणखी काहीतरी उभं असतं, ज्याचं नाव सांगता येत नाही, पण ज्याच्यामुळे झोपलेला माणूस कुशीवर वळून आवंढा गिळतो. आमचे हे रक्तदाबाची गोळी घेऊन झोपलेले असतात. तेही अंधारातून विचारतात, "जरा जास्तीची करतोयस का रे?"

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी ती गोळी वाढवली आणि म्हणाले, "वहिनी, मीठ फक्त मिठाच्या बरणीत नसतं. पुड्यामागचं वाचत जा." रक्तदाब यांचा, गृहपाठ माझा. आमच्याकडे ही वाटणी जुनी आहे.

म्हणून एका दुपारी मी फडताळातला नूडल सूपचा पुडा घेतला, भिंग घेतलं आणि बाल्कनीत आईंच्या शेजारी जाऊन बसले. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८६, माहेर जुन्नरकडचं, समोर परातीत गवार मोडायला घेतलेली. पुडा कुठल्या कंपनीचा ते सोडा. १९८३ साली मॅगी भारतात आली, तेव्हापासून आमच्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या नूडल्स 'मॅगी'च. आई सगळ्या वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसं.

पुड्याला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला वाफाळता बाऊल, त्यात गाजराच्या चकत्या, टपोरे वाटाणे, वर कोथिंबीर. इतक्या भाज्या आमच्याकडे फक्त भोगीला एकत्र येतात. शेजारी बारीक अक्षरात, की हे चित्र केवळ कल्पनेसाठी आहे. मागच्या बाजूला मुंग्या चालत गेल्यासारखा मजकूर. पुढे फलश्रुती आणि मागे पोथी, असा एकूण प्रकार. मी पोथी वाचायला सुरुवात केली.

"मैदा."

"तो असणारच," आई म्हणाल्या.

"पामतेल. मीठ. मग पाचशे एक."

"पाचशे एक काय? आहेर आहे का?"

"नुसतं पाचशे एक. मग पाचशे. मग चारशे एक्कावन्न, चारशे बारा."

आईंनी गवार खाली ठेवली. "अगं, माणसांना कैद्यांसारखे नंबर काय देतात? नावं नाहीत का त्यांना?"

नावं आहेत. नंबर आहेत कारण नावं लांबलचक आहेत आणि देशोदेशी वेगळी आहेत. नंबर सगळीकडे एकच. मी मोबाइल उघडला आणि एकेकाचं कूळ शोधू लागले. पाचशे एक निघालं पोटॅशियम कार्बोनेट, पाचशे म्हणजे सोडियम कार्बोनेट. आईंना मी म्हटलं, हे खार आहेत. मैद्यात घातले की पीठ चिवट होतं, तार तुटत नाही, आणि गव्हातल्याच एका रंगद्रव्यामुळे शेवईला पिवळसर झाक येते. जपानी लोक त्याला कान्सुई म्हणतात.

"पापडखार म्हण की," आई म्हणाल्या. "त्यात जपान्यांनी सांगायचं काय?"

खरंच की. उडदाच्या पिठात आपण तो घालतो, पीठ कुटतो, लाटी ताणून बघतो, तेव्हा आपल्याला कुणी रसायनं वापरल्याचा ठपका ठेवत नाही. पापडखाराने आयुष्यभर आमच्या घरात मानाने ये-जा केली, आणि नंबर लावून आला तर मी त्याला दाराबाहेर उभा करत होते.

चारशे बाराची मात्र गंमत झाली. असं लिहिलं की जुळवून आणल्यासारखं वाटेल, पण आमच्याकडे आठवड्यातून दोनदा गवार असतेच, त्याला माझा इलाज नाही. चारशे बारा म्हणजे ग्वार गम. गवारीच्या बियांचं पीठ. पाण्यात पडलं की दाट होतं, म्हणून सुपाला, आइस्क्रीमला, सॉसला अंग यावं म्हणून घालतात. जगातली बहुतेक गवार आपल्याकडे पिकते, त्यातही राजस्थानात, आणि तिचं हे पीठ खडक फोडून खनिज तेल काढण्याच्या कामातही वापरतात. आईंनी हातातल्या शेंगेकडे नव्या नजरेने पाहिलं. "आणि आपण हिला नुसतं दाण्याचं कूट घालतो," त्या म्हणाल्या.

चारशे एक्कावन्न कोणाचा कोण ते मात्र आईंनाही ओळखता आलं नाही. ते एक फॉस्फेट आहे, शेवईत पाणी धरून ठेवतं. लग्नात असा एक पाहुणा असतोच. मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा, आणि तो निवांत जेवून जातो.

मग आईंनी मूळ प्रश्न विचारला. "पण ही दोन मिनिटांत शिजते कशी?"

(दोन मिनिटांत शिजत नाही. पाणी उकळायची चार मिनिटं कुणीच धरत नाही. पण ते असो.)

शिजते कारण ती आधीच शिजलेली असते. कारखान्यात मैद्याची पट्टी लाटून तिच्या तारा कापतात. खालचा पट्टा मुद्दाम हळू चालवतात, म्हणून तारा एकमेकींवर चढून नागमोडी होतात. मग त्या वाफवतात आणि दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. तारेतलं पाणी फसफसून बाहेर पडतं आणि जाता जाता बारीक भोकं ठेवून जातं. उकळतं पाणी घातलं की ते याच भोकांतून परत आत शिरतं. ही युक्ती मोमोफुकू आंदो यांची. ओसाकाजवळच्या इकेदा गावी, घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ती सिद्ध केली आणि २५ ऑगस्ट १९५८ रोजी जगातला पहिला इन्स्टंट रामेन बाजारात आला. आंदो तेव्हा ४८ वर्षांचे होते आणि त्याआधी एका पतसंस्थेच्या बुडण्यात सगळं गमावून बसले होते. बायको तेंपुरा तळत होती, तेव्हा पिठातून पाणी निघून जाताना पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असं सांगतात. सगळं जग बायकोने तळलेलं खातं. पाणी कुठे गेलं हे बघत थांबणारा नवरा एखादाच. तळणाऱ्या बायकोचं नाव मासाको. मला ते इथे लिहून ठेवावंसं वाटलं.

हे सगळं मी सांगत असताना आईंच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत होतं, ते आश्चर्य नव्हतं. "म्हणजे कुरडई," त्या म्हणाल्या.

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे शिरवाळ्या. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे लाकडी साच्यातून दाबायचे आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. आमचं नूडल सूप गोड असतं. कुरडई मला लग्नानंतर कळली, तीही अंगावर घाम फुटून. चैत्र-वैशाखात आई गहू तीन दिवस भिजवायच्या, रोज पाणी बदलायच्या. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवून वरचं पाणी पहाटे ओतून द्यायचं. आधणात मीठ, हिंग घालून चीक ओतला की घाटायला दोन माणसं लागत. चीक आधी पांढरा असतो, मग गुठळ्या धरून जीव घाबरा करतो आणि एका क्षणी काचेसारखा चमकायला लागतो. तो क्षण चुकला की आईंचा स्वर बदलायचा. नंतर सोऱ्या, गच्ची, खाटेवर अंथरलेली जुनी साडी, आणि कावळे हाकायला बसवलेली मुलं, जी अर्धा चीक तेल घालून आधीच खाऊन बसलेली असत.

आता बघा. पिठूळ भाग शिजवून घेतला, साच्यातून तारा पाडल्या, पाणी घालवलं, वर्षभर टिकवलं. आयत्या वेळी तळली की फुलते. आणि भाजीला काही नसलं की हीच कुरडई पाण्यात भिजवायची आणि कांद्याच्या फोडणीवर परतायची. पाच मिनिटांत भाजी. आंदोंनी जे शेडमध्ये केलं, ते आई गच्चीवर करत होत्या. फक्त मसाल्याची पुडी त्यांनी वेगळी बांधली नाही.

"आणि आपली पौष्टिक," आई समाधानाने म्हणाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण भिंग हातात आलं की माणसाला सत्याचा चेव येतो. पुड्यावर प्रथिनं लिहिलेली होती, हिशेब केला तर एका पुड्यात साधारण सहा ग्रॅम, म्हणजे एका अंड्याइतकी. मैद्याची प्रथिनं अंड्याच्या तोडीची नव्हेत, पण आहेत. कुरडईत मात्र आपण गव्हाचा कोंडा चोथ्याबरोबर टाकतो आणि त्याच्याबरोबर प्रथिनंही बहुतेक टाकतो. उरतो नुसता पिठूळ चीक. मी हे शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं.

आई बराच वेळ गवार मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "चोथा म्हशीला घालायचो आम्ही."

"मग म्हैस पौष्टिक होती," मी म्हटलं. त्या हसल्या, म्हणून निभावलं.

राहिला तो नाव नसलेला वास. मसाल्याच्या यादीत, हळद-धण्यांच्या गर्दीत, सहाशे पस्तीस नावाचा एक जण बसला होता. त्याच्यात दोन पदार्थ एकत्र असतात. त्यातला एक सुक्या मासळीत सापडतो आणि दुसरा सुकवलेल्या अळिंब्यांत. त्याचा थोरला भाऊ म्हणजे अजिनोमोटो. टोकियोत किकुनाए इकेदा या प्राध्यापकांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या रस्स्यातून ती चव वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. (आंदोंचं गाव इकेदा, प्राध्यापकांचं आडनाव इकेदा. जपानात जे चविष्ट घडतं ते या नावाच्या आसपास.) ही चव टोमॅटोत असते, जुन्या चीजमध्ये असते. दोघे भाऊ एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. माझ्या माहेरी सुकटीत टोमॅटो का घालतात, ते मला पंचावन्नाव्या वर्षी पुड्याच्या पाठीवर कळलं. माहेरून सुकट आली की आई घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतात आणि रात्रीच्या सुपाचा वास मात्र नाक वर करून घेतात. मी त्यांना यातलं नातं सांगितलं नाही. एका दुपारी म्हातारीची एकच श्रद्धा हलवावी.

या अजिनोमोटोच्या भावकीवर आणि शिशावर २०१५ साली केवढं रामायण झालं, आठवतं? ५ जूनला मॅगी देशभरातून मागे घ्यायचा आदेश निघाला, १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पुन्हा तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरात पुडे परत दुकानात आले. मधल्या काळात आमच्या फडताळात दोन पुडे होते. मुलगा तेव्हा शाळेत होता. ते त्याने दप्तरात लपवून ठेवले होते, घरात पिस्तूल असावं तसे.

तर अशी बहुतेक अनोळखी मंडळी एकेक करून घरचीच निघाली. लिंबूसत्त्व तीनशे तीस, करपवलेल्या साखरेचा रंग एकशे पन्नास ड. मी भिंग खाली ठेवणार, तेवढ्यात डॉक्टरांचा गृहपाठ आठवला. यादीत घटक वजनाच्या क्रमाने लिहायचा नियम आहे. वजनदार मंडळी आधी, आणि इथे अगदी शब्दशः. ज्यांच्यावरून माझी नजर सरकन पुढे गेली होती, ती पहिली तीन नावं मी पुन्हा वाचली. मैदा, तेल, मीठ. तिघेही आपले. तिघांना नंबर नाही, म्हणून संशयही नाही.

हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला. आकडे शंभर ग्रॅमचे, पुडा सत्तर ग्रॅमचा, म्हणजे तोंडी हिशेब करणाऱ्याला आधीच दमवायचं. शंभराला सोडियम १२०० मिलिग्रॅम, तर पुड्याला ८४०. मिठात मोजायचं तर अडीचने गुणायचं: २.१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे दिवसाच्या मिठाचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एका बाऊलमध्ये, तोही रात्री अडीचला, पापड-लोणच्याचा हिशेब वेगळा. चरबी दहा ग्रॅमच्या वर, म्हणजे दोन चमचे तेल, जे कुठेही तेलासारखं दिसत नाही. बाकी तीनशे कॅलरी, म्हणजे तीनेक पोळ्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि भाज्या? मी पुडी ताटलीत ओतून मोजल्या. वाटाणे तीन. गाजर होतं, पण पुराव्यापुरतं.

त्या रात्रीपासून घरात कायदा केला. मसाला अर्धाच घालायचा, सूप तळाशी सोडायचं, कारण मीठ तिथे विरघळलेलं असतं, आणि मूठभर खऱ्या भाज्या घालायच्या. मुलाने कुरकुर केली, यांनी अंधारातून सुस्कारा सोडला, पण कायदा चालू झाला. अर्ध्या उरलेल्या पुड्या मी कपड्यांचे चिमटे लावून एका डब्यात ठेवू लागले. टाकवत नाहीत. दोन आठवड्यांत डबा अर्धा भरला. मला वाटलं, हे सगळं यांच्या अंगात न गेलेलं मीठ.

काल जेवताना हे तिसऱ्यांदा म्हणाले, "आज गवार काय झालीय!" आणि पुन्हा वाढून घेतली. मी चाखली. हळद ओळखू आली, लसूण ओळखू आला, धणे ओळखू आले. मी उठून डबा पाहिला. आत नुसते चिमटे.

आई खाली मान घालून भात कालवत होत्या. "यंदाचा गोडा मसाला जमलाय," त्या म्हणाल्या.