फोटोत ऊन येत नाही

नागपूरचा उन्हाळा बघायचा असेल तर सकाळी आठच्या आत यावं, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. मधल्या वेळात नागपूर जागच्या जागी असतं, पण दिसत नाही. एका खिडकीला कूलर, बाकीच्या खिडक्यांना चादरी, आणि रस्त्यावर एखादं कुत्रं, तेही नालीच्या ओलाव्यात पोट टेकून. अशा गावात रोज एक फोटो काढायचा, आणि तोही साध्या, रोजच्या जगण्याचा, ही कल्पना नागपूरच्या माणसाला सुचणं शक्यच नव्हतं. ती पुण्याहून आली.

पुण्यात माझी भाची असते. तिला फोटोग्राफीचा नाद आहे. "मावशी, पोज नको, सणवार नको, फिल्टर नको. उन्हाळ्यात तुमचं शहर जसं असतं तसं, रोज एक," असं तिने फोनवर बजावलं. मला धीर यावा म्हणून न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनचं उदाहरणही दिलं. या गृहस्थांनी 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला, तो थेट 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत. थोरच माणूस. पण त्यांच्या वाट्याला नवतपा आला नव्हता, एवढं मी भाचीला नम्रपणे सांगितलं. मे महिन्याच्या 25 तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस आम्हाला भाजून काढतो, तो नवतपा. पुण्यात पारा चाळिसावर गेला की लोक एकमेकांना फोन करतात. आमच्याकडे चाळीस झाले तर "आज जरा बरं आहे" म्हणून लोक बाजाराची कामं उरकून घेतात.

सुरुवात कूलरपासून करावी असं मनात आलं. होळी झाली की गच्चीवरून, माळ्यावरून, जिन्याखालून कूलर बाहेर निघतात. मग गंजलेल्या पत्र्याला रंग, पंप चालतो की नाही त्याची तपासणी, आणि मिस्त्रीचा "उद्या येतो न ताई" हा फोन, जो तो सलग आठवडाभर करतो. शेवटी वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात. पहिलं पाणी पडून त्या भिजल्या की घरभर जो वास सुटतो, तो आमचा खरा गुढीपाडवा. सगळी करामत कोरड्या हवेची. बाहेरची रखरखीत हवा ओल्या ताट्यांतून येताना पाणी पिते आणि गार होऊन खोलीत शिरते. म्हणूनच हे यंत्र मुंबईत चालत नाही, तिथल्या हवेचं पोट आधीच पाण्याने भरलेलं. तर मी मोठ्या भक्तिभावाने आमच्या कूलरचा फोटो काढला आणि भाचीला पाठवला. उत्तर आलं, "मावशी, हा पत्र्याचा डबा कसला?"

तिचं तरी काय चुकलं? वास नाही, गारवा नाही, पंपाची गुरगुर नाही. उरला डबा.

मग मी माणसांकडे वळले, तर त्यात वेगळीच अडचण. आपण फोन वर उचलला की रोजचं जगणं खिशातून कंगवा काढतं. आमच्या चौकात एक रसवंती आहे. चरकाच्या चाकाला घुंगरू, फळीवर ग्लास, शेजारी उसाच्या मोळ्या आणि चोथ्याचा ढीग. मला तो चोथ्याचा ढीगच हवा होता. मालकाने आधी तो उचलून मागे टाकला. मग फळी पुसली, माशा हाकलल्या, खांद्यावरचा पंचा बदलला. रस पीत असलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्याने सरळ उभं राहायला सांगितलं. तीही बिचारी ग्लास छातीशी धरून पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ झाली.

"भाऊ, तुम्ही नेहमीसारखं करा न," मी म्हटलं.

"नेहमीसारखंच करून राहिलो न ताई. फक्त हलून नाही राहिलो."

बरं, लोकांच्या नकळत काढावा तर संशय. लाल कापड गुंडाळलेल्या माठांची एक पाणपोई मला फार आवडली म्हणून मी जरा वाकून, कोन साधून फोटो घेत होते. एक काका आले. "मॅडम, सर्वे चालू आहे का?" मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी मला गल्लीत नेऊन फुटलेली पाइपलाइन दाखवली होती. फोटो घ्या म्हणाले. घेतला. तेवढ्यात शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि त्यांनी बंद पडलेला दिवा दाखवला. तोही घेतला. आता त्या गल्लीतून मी गेले की लोक हातातलं काम टाकून विचारतात, "ताई, आमच्या पाइपाचं काय झालं?" माझ्या फोनमध्ये उन्हाळा कमी आणि वॉर्डाच्या तक्रारी जास्त आहेत.

तोंडं तर दिसायलाच नाहीत. उन्हाळ्यात नागपुरातल्या दुचाकीवरच्या बायका डोक्यापासून गळ्यापर्यंत दुपट्टा गुंडाळतात, वर काळा चष्मा, कोपरापर्यंत हातमोजे. त्या अवतारात सख्खी बहीण समोरून गेली तरी ओळख पटत नाही, आणि ज्यांना दिवसाढवळ्या ओळखीच्यांना टाळायचं आहे त्यांच्यासाठी हा ऋतू वरदान आहे. अशाच एका स्कूटरवालीचा मी काढलेला फोटो बरा आला म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. दोघी-तिघींनी "अय्या, ही मीच!" म्हणून दावा केला. एकीने तर "न विचारता काढला, पण छान आलाय" अशी माफीही देऊन टाकली. खरी कोण ते अजून ठरलेलं नाही.

एक फोटो मात्र मनासारखा मिळाला. दुपारचा सिग्नल. दिवा लाल. झेब्रा पट्ट्यापाशी एकही गाडी नाही, रस्ता पांढराफटक, रिकामा. आणि बऱ्याच मागे, एका कडुनिंबाच्या सावलीत, झाडाच्या घेरात मावतील तेवढ्या दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या. सावली जिथे संपते तिथे रांगही संपलेली, जणू कुणी खडूने रेघ मारली होती. हिरवा दिवा लागला तरी पहिले काही क्षण कुणी हललं नाही. चौकाचौकांत हल्ली हिरव्या जाळ्या बांधतात, पण कडुनिंबाची सर त्यांना नाही. कार्तिए-ब्रेसाँ नावाचा फ्रेंच छायाचित्रकार एका निर्णायक क्षणासाठी टपून असायचा म्हणतात. नागपुरात दुपारी दोन वाजता तो क्षण सावलीत उभा असतो आणि हलायला तयार नसतो, त्यामुळे सावकाश काढता येतो.

हाच फोटो पाहून भाचीने लिहिलं, "छान आहे, पण ऊन जाणवत नाही. आणि मावशी, एखादा संत्र्यांचा टाक ना!" मे महिन्यात! आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात संपतो. मे महिन्यात नागपुरात संत्रं दिसतं ते मेट्रोच्या ऑरेंज लाइनच्या पाटीवर.

पण ऊन जाणवत नाही हे तिचं म्हणणं मला पटलं. फोटोत ऊन म्हणजे नुसता उजेड. नागपूरच्या उन्हाचा आजवर सगळ्यात गाजलेला फोटो कोणता, तर एका आकड्याचा. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या हवामान केंद्राच्या यंत्राने 56 अंश दाखवले. तो आकडा तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी "जिवंत आहात ना?" विचारलं, आणि आम्ही मनातून हुरळून "आहोत कसेबसे" असं कळवलं. पुढे हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता, त्याच दिवशी दुसऱ्या काही यंत्रांवर 44 च्या आसपासच नोंद होती. गावात सुतक पडलं. ज्या माणसाने 56 अंशांत डाळ आणायला जाऊन आल्याचं चार ठिकाणी सांगितलं होतं, त्याने आता काय करायचं? आमच्याकडे 2013 च्या मे महिन्यातले 47.9 आहेत, आणि तेही खरे. पण एकदा 56 चाखलेल्या जिभेला 47.9 आळणी लागतात.

आमच्या घरी या उद्योगाकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. भर दुपारी गच्चीवर गेले की फोनच्या काचेवर स्वतःच्या चष्म्याखेरीज काही दिसत नाही, आणि थोड्या वेळाने फोन स्वतःच "मी फार तापलोय" असं कळवून बंद पडतो. एकदा तो मी माठाशेजारी गार करायला ठेवला, तर नवरा म्हणाला, "ऊन लागलं त्याला. कव्हरमध्ये कांदा ठेवून दे." आमच्याकडे लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. ते हसून नाही राहिले, खरंच कांदा आणून दिला.

तरी 26 मे मी सोडणार नव्हते. त्या दिवशी नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी बारा-दहाच्या सुमारास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. शून्य सावलीचा दिवस. मी गच्चीवर स्टीलचा डबा उभा करून, डोक्यावर ओला पंचा टाकून वाट बघत बसले. सावली आखडत आखडत डब्याखाली गेली आणि मी फोन उचलला, तोच जिन्यातून शेजारच्या काकू वर आल्या.

"काय हरवलं वं?"

"सावली, काकू. बघा, कशाचीच नाही."

काकूंनी डब्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. टाकीच्या सावलीत येते म्हणून ती सगळी जागा उन्हाळाभर त्यांच्या कुरडयांना मुकलेली होती. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, चप्पल काढून फरशीवर पाय टेकला आणि लगेच चपलेत घातला.

"खाली अर्ध्या कच्च्या कुरडया पडल्या आहेत. किती वेळ राहते ही अशी?"

"पाचेक मिनिटं, काकू."

"मंग बसून काऊन राहिली? फोटो ठेव तो, अन् चादरीचं ते टोक धर."