साथीचा रोग आणि साठ्याचा डोस

साथरोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वर्धक मात्रेचा, म्हणजे लोक ज्याला बूस्टर म्हणतात त्या पुढच्या डोसाचा, सिद्धांत अगदी सरळ मांडलेला असतो. आधीच्या मात्रांनी रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी अँटीबॉडी नावाची प्रथिने, काही महिन्यांनी ओसरू लागतात, आणि ती पुरती ओसरण्याआधी, शक्य तर पुढची लाट येण्याआधी, शरीराची उजळणी घ्यावी, एवढेच त्याचे सार आहे. डिसेंबर २०२१ ते जून २०२३ या दीड वर्षात भारतीय आरोग्यप्रशासनाने या सिद्धांतात मोलाची भर घातली. वर्धक मात्रेची वेळ साथीवरून नव्हे, तर साठ्यावरून ठरते, हा तो नवा नियम होय. आणि त्याचा अभ्यास बेंगळुरूपासून सुरू करणे सोयीचे पडते, कारण कोविडच्या विषाणूच्या ओमायक्रॉन या उपप्रकाराची देशातली पहिली नोंद याच शहरात झाली.

२ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कर्नाटकातील दोन रुग्ण जाहीर केले. त्यांपैकी परदेशातून आलेला पाहुणा जनुकीय तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत देश सोडूनही गेला होता, तर दुसरा रुग्ण बेंगळुरूतलाच डॉक्टर होता, ज्याने परदेशप्रवास केलेला नव्हता आणि लशीच्या दोन्ही मात्रा रीतसर घेतलेल्या होत्या. वर्धक मात्रा कोणाला हवी, का हवी आणि किती तातडीने हवी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका केसपेपरात मिळण्याजोगी होती. परंतु केसपेपरावर शासन चालत नाही, त्याला फाईल लागते. त्याच सुमारास पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या कोविशिल्ड लशीच्या वर्धक मात्रेसाठी औषध महानियंत्रकांकडे, म्हणजे देशात नवे औषध वा लस वापरण्यास परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला होता, आणि त्यांना सल्ला देणाऱ्या विषय तज्ज्ञ समितीने स्थानिक चाचण्यांची आणखी माहिती मागितली होती. मागणी शास्त्राला धरूनच होती. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत, २५ डिसेंबरच्या रात्री, पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून तिसरी मात्रा जाहीर केली, आणि समितीने मागितलेल्या त्या माहितीचे पुढे काय झाले, हा विषय राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात बसण्याजोगा नव्हता.

या दिरंगाईला तोवर नैतिकतेचा मुलामा होता, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल. इस्रायलने जुलै २०२१ च्या अखेरीस ज्येष्ठांना तिसरी मात्रा देण्यास सुरुवात केली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने, अनेक गरीब देशांत पहिली मात्राही पोचलेली नसताना श्रीमंतांनी तिसरीची घाई करू नये, असे आवाहन केले होते. शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२१ च्या जून-जुलैमधील पाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती, म्हणजे लशीने जे काम करायचे ते मोठ्या प्रमाणावर विषाणूच्या आधीच्या, डेल्टा प्रकाराच्या लाटेनेच उरकले होते, असा युक्तिवादही करता येत होता. हा युक्तिवाद मान्य करायचा तर वर्धक मात्रेची गरज नव्हती, आणि अमान्य करायचा तर ती ताबडतोब हवी होती. प्रशासनाने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवून नऊ महिन्यांचा मध्यममार्ग काढला.

१० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे सहव्याधीग्रस्त, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार असलेले नागरिक, यांना वर्धक मात्रा ‘प्रिकॉशन डोस’ या नावाने मिळू लागली. सहव्याधीचे प्रमाणपत्र दाखवण्याची गरज नव्हती, फक्त डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे मंत्रालयाने स्पष्ट केले, त्यामुळे व्याधी असण्याची अट कायम राहिली आणि ती तपासण्याची अट गेली. ज्या राज्यांत विधानसभा निवडणुका होऊ घातल्या होत्या तेथील मतदान कर्मचाऱ्यांची गणना आघाडीच्या कर्मचाऱ्यांत करण्यात आली, म्हणजे लोकशाहीच्या प्रतिकारशक्तीची काळजी वेळेवर घेतली गेली. मात्र सर्वांना समान असलेली खरी अट निराळीच होती: दुसऱ्या मात्रेला ३९ आठवडे पूर्ण झालेले असले पाहिजेत.

या ३९ आठवड्यांचा हिशेब बेंगळुरूच्या संदर्भात सविस्तर मांडण्याजोगा आहे. व्हाइटफील्डच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा, मूळचा कोल्हापूरचा वा नाशिकचा, तिशीतला तरुण घेतला, तर त्याच्या वयोगटासाठी लसीकरण खुले झाले १ मे २०२१ रोजी, पण तुटवडा असल्यामुळे त्याला कोविशिल्डची पहिली मात्रा जूनच्या मध्यावर मिळाली असे धरावे. दोन मात्रांमधील अंतर मे महिन्यातच १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते, त्यामुळे दुसरी मात्रा सप्टेंबरात पडली. त्यात ३९ आठवडे मिळवले की उत्तर जून २०२२ येते. बेंगळुरूत ओमायक्रॉनची लाट जानेवारी २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात शिखराला पोचली आणि शहरात एका दिवसात तीस हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले, म्हणजे वयाची अट नसती तरीसुद्धा या तरुणाची पात्रता लाटेच्या शिखरानंतर साडेचार महिन्यांनी उगवली असती. वरातीमागून घोडे येण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनीच आहे. येथे घोड्याच्या येण्याची तारीख लसीकरणाच्या नोंदणीसाठीच्या कोविन पोर्टलवर आगाऊ छापून मिळत होती, एवढीच सुधारणा.

तौलनिक अभ्यासासाठी याच काळातील आणखी एक मंजुरी पाहावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लशीच्या वापराची मुदत ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर नेण्यास परवानगी देण्यात आली, आणि रुग्णालयांत पडून असलेल्या जुन्या बाटल्यांवर नवी लेबले लागली. स्थिरतेच्या चाचण्यांवर आधारलेल्या या निर्णयात अशास्त्रीय काही नव्हते. तरीही दोन्ही परिपत्रके शेजारी शेजारी ठेवली असता असे दिसते, की बाटलीतल्या लशीचा जोर १२ महिने टिकतो आणि दंडातल्या लशीचा ९ महिने, आणि त्यांपैकी पहिली मुदत वाढवण्याची निकड दुसरी कमी करण्याच्या निकडीपेक्षा आठ महिने आधी जाणवली.

लाट ओसरली आणि मंजुरीला भरती आली. मार्चमध्ये ज्येष्ठांची सहव्याधीची अट गेली, आणि १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरील सर्वांना तिसरी मात्रा खुली झाली. साठीच्या आतल्या सामान्य नागरिकांना मात्र ती खासगी केंद्रांवर, पैसे मोजून घ्यायची होती. आदल्या दिवशी कोविशिल्डची खासगी रुग्णालयांसाठीची किंमत ६०० रुपयांवरून आणि कोव्हॅक्सिनची १२०० रुपयांवरून २२५ रुपयांवर आली, आणि टोचणावळ जास्तीत जास्त १५० रुपये ठरली. वर्धक मात्रा सार्वजनिक आरोग्यासाठी आवश्यक असेल तर ती विकत का घ्यायची, आणि आवश्यक नसेल तर ती विकायची कशाला, असा प्रश्न कोणी विचारला असता तर ती ऐच्छिक आहे असे उत्तर तयार होते. रुग्णालयातले दृश्य असे असे, की कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा मात्रा असत आणि ती फोडल्यावर चार तासांत संपवावी लागे, त्यामुळे एकट्याने आलेल्या इच्छुकाला परिचारिका बाकड्यावर बसवून आणखी नऊजण जमण्याची वाट पाहत असे. आणि ते जमले नाहीत, तर नंबर लिहून घेऊन ‘फोन करतो’ असे सांगितले जाई. वर्षभरापूर्वी लोक लशीच्या रांगेत ताटकळत होते. आता लस लोकांच्या रांगेसाठी ताटकळत होती.

जुलै २०२२ च्या मध्यापर्यंत १८ ते ५९ वयोगटातील ७७ कोटींपैकी एक टक्का लोकांनीही ही मात्रा घेतलेली नव्हती. तेव्हा दोन निर्णय पाठोपाठ झाले: ३९ आठवड्यांचे अंतर २६ आठवड्यांवर आले, आणि १५ जुलैपासून ७५ दिवस ही मात्रा सरकारी केंद्रांवर मोफत झाली, ज्याला स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे नाव देण्यात आले. प्रतिपिंडे नऊ महिन्यांऐवजी सहा महिन्यांतच ओसरतात हे ज्ञान नेमके लाटा ओसरल्यावर प्राप्त व्हावे, हा शास्त्रातील एक विलक्षण योगायोग मानावा लागेल. दुसरा योगायोग असा, की सीरमने कोविशिल्डचे उत्पादन डिसेंबर २०२१ मध्येच थांबवले होते, आणि उरलेल्या साठ्यातील सुमारे १० कोटी मात्रांची मुदत सप्टेंबर २०२२ च्या आसपास संपली. महोत्सव ३० सप्टेंबरला संपला. लोक कंटाळले आहेत आणि बूस्टरला मागणी नाही, असे सीरमचे प्रमुख अदर पूनावाला यांनी ऑक्टोबरमध्ये पुण्यात सांगितले.

येथवरचा दोष केवळ शासनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण नागरिकही याच नियमाचे निष्ठावंत अनुयायी निघाले. डिसेंबर २०२२ मध्ये चीनमधील साथीच्या बातम्या आल्या, कर्नाटक सरकारने चित्रपटगृहांत, शाळा-महाविद्यालयांत आणि नववर्षाच्या जल्लोषासाठी पब-बारमध्ये मास्क सक्तीचा करून जल्लोष रात्री एक वाजता आवरण्याचे फर्मान काढले, आणि साडेआठ महिने खासगीत सव्वादोनशे रुपयांना व अडीच महिने सरकारी केंद्रांवर फुकट मिळूनही ज्यांना वेळ झाला नव्हता अशांना एकाएकी बूस्टरची आठवण झाली. त्या महिन्यापर्यंत पात्र लोकांपैकी २७-२८ टक्क्यांनीच ही मात्रा घेतली होती, असे नीती आयोगाचे डॉ. व्ही. के. पॉल सांगत होते. ज्या सीरमकडे सप्टेंबरात १० कोटी मात्रा कालबाह्य झाल्या, तिने डिसेंबरअखेर केंद्राला २ कोटी मात्रा मोफत देऊ केल्या. साठा असताना मागणी नाही आणि मागणी असताना साठा नाही, अशी ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी काटेकोरपणे पाळली गेली.

यानंतरच्या मंजुऱ्या संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेच्या आहेत. हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीची कोर्बेव्हॅक्स ही मिश्र वर्धक मात्रा, म्हणजे आधी घेतलेल्या लशीहून वेगळ्या लशीची मात्रा, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये कार्यक्रमात आली. भारत बायोटेकची नाकात थेंब टाकण्याची इन्कोव्हॅक ही लस २६ जानेवारी २०२३ रोजी, खासगी रुग्णालयांसाठी ८०० रुपये दराने, समारंभपूर्वक सादर झाली. या मालिकेचा कळस पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने चढवला. खास ओमायक्रॉनसाठी घडवलेल्या, सुईविना त्वचेत देता येणाऱ्या आणि साध्या शीतपेटीत टिकणाऱ्या तिच्या एमआरएनए, म्हणजे जनुकीय संदेशावर आधारलेल्या, लशीला जून २०२३ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. लस खरोखरच कौतुकास्पद होती. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केलेले असल्यामुळे, आणीबाणी संपल्यानंतर आपत्कालीन परवानगी मिळवण्याचा मानही तिच्याकडे जातो.

या सगळ्यात एक आकडा विनोदात बसत नाही. जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे मोहीम सुरू होऊन सहा महिने झाल्यावर, साठीपुढील नागरिक आणि आरोग्य व आघाडीचे कर्मचारी अशा सुमारे १६ कोटी लोकांपैकी २६ टक्क्यांनीच ही मात्रा घेतलेली होती. ज्यांच्यासाठी ती निर्विवाद उपयोगी होती आणि पहिल्या दिवसापासून मोफत होती, त्यांच्यापर्यंत ती पोचवण्याचे काम करायला कोणत्याही नव्या मंजुरीची गरज नव्हती. कदाचित म्हणूनच ते कोणाच्या लक्षात आले नसावे.

पुढील साथीसाठी एक नम्र शिफारस करता येईल. लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटावर, म्हणजे कोणती लस कोणाला केव्हा द्यावी याचा सल्ला केंद्राला देणाऱ्या मंडळावर, विषाणुतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या जोडीला एक अनुभवी गोदामपाल नेमावा, त्याला निर्णायक मताचा अधिकार द्यावा, आणि त्याची साठानोंदवही मुदतीच्या तारखांसह कोविनवर सर्वांसाठी खुली करावी, म्हणजे आपली प्रतिकारशक्ती नेमकी कोणत्या महिन्यात ओसरणार आहे, हे प्रत्येक नागरिकाला निदान सहा महिने आधी कळेल.