मोडायच्या गाडीची मशागत

नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक वर्ष-वर्ष न काढणारी, बंपरला लिंबू-मिरची बांधणारी आणि पार्किंगमध्ये कुणाचं हँडल घासलं तर अर्धी सोसायटी खाली बोलावणारी आपण माणसं. त्यामुळे ओहायोतली डिमॉलिशन डर्बी पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर समजावून सांगताना मला जरा अवघडच होतं. धडधाकट चालत्या गाड्या मैदानात आणायच्या, आधी पाणी मारून मैदानाचा चिखल करून ठेवायचा आणि इशारा झाला की एकमेकांवर घालायच्या. शेवटपर्यंत जी हलती राहील ती जिंकली. ‘‘अरे पण का?’’ असं पलीकडून विचारलं जातं. मी हवापाण्याकडे वळतो.

हा खेळ काढला कुणी, यावरूनही टकरी आहेत. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या गार्डेना इथल्या कॅरेल स्पीडवेवर डॉन बॅसिलने तो पहिल्यांदा भरवला असं काही जण सांगतात. काही जण १९५८ सालचा मान न्यूयॉर्क राज्यातल्या आयस्लिप स्पीडवेच्या लॅरी मेंडेलसनला देतात. मला मेंडेलसनची कथा जास्त पटते. शर्यतीत पुढे कोण आहे यापेक्षा आपटतंय कोण, याकडेच लोकांचं लक्ष असतं हे म्हणे त्याने हेरलं आणि मधली शर्यत काढूनच टाकली.

ओहायोत ८८ काउंट्या आहेत आणि बहुतेक प्रत्येकीची उन्हाळ्यात जत्रा भरते. गाईडुकरांची प्रदर्शनं, अवाढव्य भोपळे, पाळणे आणि एखाद्या रात्री डर्बी. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा हैदोस वाटतो, पण नियमांची पुस्तिका वाचली की एखाद्या हाउसिंग सोसायटीचे उपविधी वाचल्याचा आनंद मिळतो. काचा काढा. पेट्रोलची मूळ टाकी काढून छोटी टाकी मागच्या सीटच्या जागी बसवा. ड्रायव्हरच्या दारावर ठोकायचं नाही. ठरावीक वेळात कुणाला तरी धडक द्यायचीच, कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलं तर बाद. हार मानायची असेल तर दाराशी लावलेली काठी मोडायची. आणि १९६४ ते १९६६ या सालांतली क्रायसलरची इंपीरियल बऱ्याच ठिकाणी आणायचीच नाही, कारण ती मोडत नाही. फार टिकाऊ निघाली म्हणून हद्दपार झालेली माझ्या माहितीतली ही एकच वस्तू.

माझे शेजारी शेतीच्या अवजारांची दुरुस्ती करतात आणि बर्फ वितळला की त्यांच्या शेडमध्ये डर्बीची गाडी येते. इतर मंडळी पत्र्याकडे बघतात, दारांना टाके मारतात, टपावर आकडा रंगवतात. हे गृहस्थ मात्र पहिले काही शनिवार गाडीखाली पाठीवर पडून असतात. त्यांचा जीव अडकलेला असतो तो प्रोपेलर शाफ्टमध्ये. इंजिन पुढे आणि चालती चाकं मागे असलेल्या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरेन्शियलपर्यंत जाणारी ही पोलादी नळी. आपल्याकडे ट्रकवाले तिला सरळ ‘जॉइंट’ म्हणतात. घाटात एखादा ट्रक मागेपुढे दगड आणि झाडाच्या फांद्या लावून उभा असतो आणि किन्नर नुसतंच ‘‘जॉइंट गेला’’ म्हणतो, तेव्हा बरेचदा हिचाच निकाल लागलेला असतो.

शाफ्टची अवस्था लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी. एका टोकाला जोर लावणारे, दुसऱ्या टोकाला अडून बसलेले, आणि सुरळीत चाललं तर हा मधे होता हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

डर्बीत त्याच्यावर संकटं येतात तीही दोन्हीकडून. जाणता गडी पुढून ठोकत नाही. पुढे रेडिएटर असतो, तो फुटला की खेळ संपला, म्हणून गाडी रिव्हर्समध्ये घालून ढुंगणानेच मारामारी चालते. आता मागून मार बसला की चासीची शेपटी वर वळते, मागचा अ‍ॅक्सल पुढे सरकतो आणि गिअरबॉक्स ते डिफरेन्शियल हे अंतर कमी होतं. शाफ्टच्या पुढच्या टोकाला दात्यांवर सरकणारा योक असतो, तो गिअरबॉक्सच्या शेपटात आत जातो. आत जायला जागा असेपर्यंत ठीक. ती संपली की एक तर शाफ्ट वाकतो, नाही तर गिअरबॉक्सचं अ‍ॅल्युमिनियमचं शेपूट तडकतं आणि लाल तेल चिखलात. गाडी मधूनच उचलली गेली, तर कधी योक उलट बाहेर निसटतो. शिवाय चिखलात गरगरणारं चाक एकदम कोरड्या जमिनीला लागतं किंवा ड्रायव्हर पूर्ण रेस ठेवून रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकतो, तेव्हा जो हिसका बसतो तो याच नळीला.

वरच्या वर्गातल्या गाड्यांना यावर तोडगा आहे. एकात एक सरकणाऱ्या दोन जाड नळ्यांचा शाफ्ट घरी बनवायचा. अ‍ॅक्सल पुढे येवो की मागे जावो, तो आतबाहेर होत राहतो. पण शेजारी खेळतात ‘स्टॉक’ वर्गात, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘कंपनीचा’. शाफ्ट कारखान्यातून निघाला तसाच हवा. आणि पुस्तिकेचं एक कलम असं की जे करा म्हणून लिहिलेलं नाही ते करायचं नाही. माझ्यासारख्याला हे वाचून हातपाय गाळावेसे वाटले असते. त्यांना मात्र चेव येतो. नुसता मजबूत शाफ्ट कुणीही करील, पण एका इंचालाही हात न लावता तो टिकवण्यात खरी करामत आहे, असं त्यांचं मत. मला ते पटतं. हातात सगळं असताना केलेल्या स्वयंपाकाचं कौतुक मलाही कमीच वाटतं.

सुरुवात होते क्रॉस बदलण्यापासून. शाफ्टच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक पोलादी तुकडा असतो, त्याच्या चार हातांवर चार टोप्या. अ‍ॅक्सल वरखाली झाला तरी शाफ्ट फिरत राहतो तो याच्यामुळे. सोळाव्या शतकातल्या इटालियन कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या इंग्रज रॉबर्ट हुकचं नाव या सांध्याला चिकटलेलं आहे. मोटारीत त्याचं बस्तान बसवलं ते मात्र कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लॅरेन्स स्पायसर या विद्यार्थ्याने. त्याने १९०३ साली पेटंट मिळवलं आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला कारखाना काढला. पुढे पुण्याजवळही स्पायसर इंडियाच्या नावाने वर्षानुवर्षं शाफ्ट बनत आले. (औंधचं स्पायसर कॉलेज आणि त्याची बेकरी यांचा याच्याशी संबंध नाही. ते स्पायसर वेगळे, धर्मप्रसारक होते.)

नवा क्रॉस घेताना शेजारी ग्रीसचं निपल नसलेला शोधतात. निपल असलेल्या क्रॉसला ग्रीस खेळवण्यासाठी आतून भोकं पाडलेली असतात आणि भोक म्हणजे तेवढं पोलाद कमी. वर्षानुवर्षं चालायची गाडी असती तर निपलवाला बरा. हिला एका संध्याकाळपुरतंच जगायचं आहे.

मी बसवताना जवळून पाहिलं आहे. टोप्या जागी धरणारे जुने लॉक काढले, शाफ्ट व्हाइसमध्ये धरला, एका बाजूला गोटी पान्याची लहान गोटी आणि दुसऱ्या बाजूला मोठी गोटी लावून जुनी टोपी दाबून बाहेर काढली. मग नवी. टोपीच्या आतल्या कडेने शिवणाच्या सुईच्या जाडीचे रोलर उभे रांगेत बसलेले असतात, केवळ ग्रीसच्या चिकटपणावर. टोपी आत जाताना क्रॉसचा हात जरा तिरका लागला की त्यातला एखादा रोलर आडवा पडून तळाशी जातो. बाहेरून काही कळत नाही. फक्त टोपी एका केसाने वर राहते आणि लॉक खाचेत बसत नाही. अशा वेळी आपला मेकॅनिक काय करतो ते मला ठाऊक आहे, हातोडीचा एक टोला. शेजाऱ्यांनी टोपी परत काढली, चिमट्याने रोलर उभा केला, ग्रीस लावलं आणि पुन्हा दाबली. मग क्रॉस बोटाने फिरवून पाहिला. कुठेही अडखळायला नको. चार दिवसांनी जिचा चेंदामेंदा होणार त्या गाडीसाठी ही नाजूक तबियत!

दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना, हेही बघतात. एकटा क्रॉस बाकात फिरताना एका फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा नेमक्या उलट चुका करून ते फिटवतो, पण दोघं एका रेषेत असतील तरच. मागे डिफरेन्शियलच्या बाजूला टोप्या धरायला पातळ पट्ट्या असतात. पुस्तिका परवानगी देत असेल तर त्यांच्या जागी यू-बोल्ट येतात. तेही जीव खाऊन आवळायचे नाहीत, टोपी चेपते आणि आतले रोलर जागीच रुततात. फ्लोअरचा मधला बोगदा वरून दबून शाफ्टला घासू नये म्हणून सायलेन्सरचा पाइप वगैरे अडगळ आधीच काढून टाकतात.

आणि लांबी. रस्त्यावरच्या गाडीत योकला आत सरकायला साधारण पाऊण ते एक इंच मोकळीक असते. डर्बीत ती अर्ध्या तासात संपते. शाफ्ट कापून आखूड करायची मुभा नाही. मग आमचे शेजारी टेप घेऊन भंगारवाल्यांकडे फिरतात. त्याच घराण्यातल्या, पण किंचित आखूड शाफ्ट असलेल्या गाड्यांची यादी त्यांना तोंडपाठ आहे. नळी पोलादी हवी, कारण पोलिसांच्या काही क्राउन व्हिक्टोरियांना अ‍ॅल्युमिनियमची असते आणि ती त्यांना नको. असा शाफ्ट हाती लागला की त्यांचा चेहरा पाहावा. कंपनीचाच आहे. कुठल्या गाडीचा, एवढंच विचारायचं नाही.

गेल्या जत्रेत त्यांची गाडी शेवटच्या तिघांत होती. रेडिएटर वाचला, शाफ्ट फिरत होता, पण बॅटरीची वायर तुटून गाडी जागच्या जागी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सांगाडा भंगारात गेला, इंजिन, गिअरबॉक्स आणि शाफ्ट मात्र शेडमध्ये परत आले. शाफ्ट सपाट लोखंडी फळीवर गडगडवून पाहिला तर मधे थोडा उडत होता. वाकला होता.

‘‘प्रेसवर धरून सरळ करून घ्या की,’’ मी सुचवलं.

‘‘घेईन हो,’’ ते म्हणाले, ‘‘पण मग तो कंपनीचा राहील का?’’