टँकर भरण्याआधी सहा लिटर

कॅनडाने २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय आहार-मार्गदर्शिकेतून दुधाचा वेगळा गट काढून टाकला. दूध, दही, चीज यांना डाळी, अंडी आणि मांसाच्या पंगतीत बसवलं, आणि ताटाशेजारी पाण्याचा पेला ठेवला. मसुदा करताना तिथल्या आरोग्य खात्याने उद्योगांनी पैसे देऊन करवून घेतलेले अहवाल बाजूला सारले. चांगलं केलं. कुणी काय खावं हे विकणाऱ्याने ठरवू नये.

शेजारच्या अमेरिकेत उलटं आहे. मार्गदर्शिका काढणाऱ्या दोन खात्यांपैकी एक कृषी खातं. त्याच खात्याच्या देखरेखीखाली दूध उत्पादकांकडून सक्तीची वर्गणी जमा होते आणि त्या पैशांतून दुधाचा प्रचार चालतो. हा कायदा १९८३चा आहे. तिथे मोठ्या माणसाला दिवसाला तीन कप दूध किंवा त्याच्या तोलाचे दुधाचे पदार्थ सांगितले जातात. चीनने २०२२ मध्ये आपलं माप वाढवून ३०० ते ५०० ग्रॅम केलं. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये तीन वेळचं दोन वेळांवर आणलं. ब्राझीलने २०१४ मध्ये मापाच्या भानगडीत न पडता एक रेघ ओढली: साधं दूध आणि साधं दही अलीकडे, साखर, रंग आणि सुवास घातलेली दुधाची पेयं पलीकडे. मला ही रेघ सगळ्यांत जास्त पटते.

आपलं माप हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ठरवते. मे २०२४ मध्ये तिने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात २००० कॅलरींचं दिवसाचं ताट आहे: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. या ३०० मिलिलिटरमधून साधारण दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि दिवसभराच्या कॅल्शियमचा जवळपास तिसरा हिस्सा. मोठेपणी अनेकांना दूध पचत नाही हे खरं आहे, पण दही-ताकाने ती अडचण बरीच कमी होते. म्हणून ‘दूध किंवा दही’ हा पर्याय योग्यच आहे.

आता हे माप घेऊन पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूरच्या गावांत या.

इथे दुधाची कमतरता नाही. बारामती एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्स, बारामती तालुका दूध संघाचं नंदन, इंदापूरचं सोनाई. नीरा डाव्या कालव्याखाली उसाचे वाढे आणि मक्याचा मुरघास, म्हणून गोठे भरलेले. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात तर पाऊस दगा देतो तेव्हा गायच घर चालवते. पहाटे धारा काढायच्या, कॅन डेअरीवर न्यायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) लागल्याची चिठ्ठी घ्यायची, दहा दिवसांनी बिल. पेंडीचे पैसे, मुलांची फी, दवाखाना, सगळं त्या बिलातून.

आणि घरात किती दूध राहतं? बहुतेक घरांत चहापुरतं. गोठा साफ करणारी, वैरण टाकणारी, धार काढणारी बाई बिनदुधाची भाकरी-भाजी खाऊन कामाला लागते. बिलाचं खातं बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. तिला दिवस गेलेले असले तरी कॅन भरून डेअरीला जातोच.

याची किंमत काय, हे सांगायला परदेशी संशोधन लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. साठ टक्क्यांहून अधिक मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्या गर्भवतींच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक होती, त्यांची बाळं जन्मताना आकाराने मोठी होती. आहार आणि बाळांच्या आकाराचे हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मांस-अंडी न खाणाऱ्या बाईला ब-१२ मिळण्याचा रोजच्या जेवणातला मार्ग म्हणजे दूध-दही. कॅनडातल्या भरल्या ताटातून दूध हललं तरी तिथल्या आईचं फार बिघडत नाही. तिच्याकडे पर्याय आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या शाकाहारी गर्भवतीकडे ते नाहीत. म्हणून जगात दुधाची जागा कुठेही सरकू दे, इथे ती गर्भवतीच्या ताटात हवी, आणि रोज हवी.

सरकारचा पैसा दुधावर खर्च होत नाही असं नाही. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूध आंदोलन झालं आणि लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान आलं. त्याच वर्षी भुकटीचे साठे पडून होते, म्हणून शाळांमधून भुकटीची पाकिटं वाटायचं ठरलं, तेही काही महिन्यांपुरतं. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने रोज दहा लाख लिटर दूध घेऊन त्याची भुकटी करवली. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा ५ रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघांनी आणि खासगी प्रकल्पांनी २८ रुपये द्यायचे आणि सरकारने ७, असे ३५ रुपये ठरले, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गायीच्या दुधाला. त्यासाठी गायीच्या कानात बिल्ला हवा होता आणि तिची ऑनलाइन नोंद हवी होती.

शेतकऱ्याला हे पैसे मिळालेच पाहिजेत. दूध तयार करायला खर्च येतो आणि भाव कोसळला की पहिला मार गोठ्यालाच बसतो. पण प्रत्येक वेळी दूध ‘जादा’ झालं म्हणून हा पैसा निघतो, आणि त्याच वेळी सरकारचीच संस्था सांगते की माणसागणिक ३०० मिलिलिटर हवं. मग ते जादा कुणाच्या हिशेबाने? दुग्धविकास विभाग लिटर मोजतो, महिला व बालविकास विभाग अंगणवाडीतल्या मुलांचं वजन मोजतो, आणि हैदराबादचं माप दोघांच्याही कामाच्या कागदावर नाही. गायीच्या नोंदीसाठी जी तत्परता दाखवली, तिचा दहावा हिस्सा गर्भवतीच्या पेल्यासाठी दाखवावा, एवढीच माझी मागणी आहे.

कर्नाटकाने हे करून दाखवलं. दूध महासंघाकडे दूध साठू लागलं होतं, तेव्हा ऑगस्ट २०१३ मध्ये क्षीर भाग्य योजना सुरू झाली आणि सरकारी शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांना १५० मिलिलिटर दूध मिळू लागलं, भुकटीपासून तयार केलेलं. कर्नाटकासारखी राज्यभराची नियमित दुधाची योजना महाराष्ट्रात नाही. बारामती-इंदापूरला तर भुकटीही लागणार नाही. ताजं दूध अंगणवाडीच्या दारावरून टँकरमध्ये जातं.

साधा हिशेब करू. अंगणवाडीत तीस मुलं धरा, प्रत्येकी १५० मिलिलिटर: साडेचार लिटर. गावात पाच गर्भवती आणि स्तनदा माता, प्रत्येकी ३०० मिलिलिटर: दीड लिटर. एकूण सहा लिटर. २०२४ च्या ३५ रुपयांच्या दराने २१० रुपये. त्याच गावाच्या संकलन केंद्रावर रोज हजार लिटर दूध येत असेल, तर तेव्हाच्या ७ रुपयांच्या दराने सरकारचं दिवसाचं अनुदान सात हजार झालं. सात हजार देता आले तिथे आणखी २१० अडू नयेत.

दूध उकळणार कोण, भेसळ तपासणार कोण, असं विचारलं जाईल. भेसळ आणि फॅट तपासायचं यंत्र डेअरीवर असतं. तिथे शेतकऱ्याचं दूध रोज तपासून घेतलं किंवा नाकारलं जातं, तसंच हे सहा लिटरही तपासावं. उकळण्याचं काम अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यावर लादायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे त्यांना द्यावेत. आधीच अपुऱ्या मानधनावर त्यांच्यावर कामं चढवली जातात. आणि साखर घालू नये, सुवासिक पाकिटं देऊ नयेत. ब्राझीलची रेघ इथे पाळायची.

पुणे जिल्हा परिषदेने स्वनिधीतून इंदापूर तालुक्यात वर्षभर हे करावं. सुरुवातीला आणि शेवटी गर्भवतींचं ब-१२ तपासावं, मुलांचं वजन-उंची घ्यावी आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्या बायांनी ते दूध काढलं, त्याच तिथे समोर बसलेल्या असतील. पुढच्या वर्षी योजना चालू ठेवायची की नाही, हे आधी त्यांना विचारावं.