माईंची सून नक्की करते काय?

कळलं का? माईंच्या सुनेने काल रात्री साडेदहाला एका प्रोफेसराला झापलं. आवाज चढवून नव्हे हां. आमच्या आणि माईंच्या घरांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण आहे, त्यातून वारा येतो तसं बोलणंही येतं. ती म्हणाली, “थँक यू सो मच, प्रोफेसर. शुक्रवारनंतर आलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत जाईल.” आणि वर परत एकदा थँक यू. गिरगावातल्या छापखान्यात प्रूफं तपासण्यात माझा जन्म गेला, पण लेखकाच्या तोंडावर इतक्या गोडीने दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं. आमचा फोरमन सरळ सांगायचा, “फॉर्म मशीनवर चढलाय, आता ब्रह्मदेव आला तरी काना बदलणार नाही.”

सकाळी माई ओट्यावर बसून सुकेळ्यांसाठी राजेळी केळ्यांची सालं काढत होत्या. आगाशीच्या बहिणीने अख्खा लोंगर पाठवला होता. मला कुंपणाशी आलेला बघून त्यांनी सुरीच उगारली.

“भाऊ, तुम्ही छापखान्यातले. एकदाचं सांगा, ही नक्की करते काय? भिशीत विचारलं तर मी म्हटलं, प्रोजेक्ट मॅनेजर आहे. तर बायका विचारतात, कुठला टॉवर? सोपाऱ्याला का विराराला? ओळखीत दोन-पाच लाख कमी होतील का?”

“माई, ती पुस्तकांचं काम बघते.”

“म्हणजे लिहिते?”

“नाही.”

“छापते?”

“नाही.”

“विकते?”

“तेही नाही.”

“मग पगार कसला देतात तिला?”

प्रश्न चोख होता. आता असं बघा, इंग्लंडातल्या एका प्रोफेसराने पुस्तक लिहिलं. त्याची भाषा तपासणारी बाई पुदुच्चेरीत बसते. पानं लावणारा चेन्नईत. मुखपृष्ठवाला आणखी कुठे. शेवटी सूची करणारा, मग छापखाना. यातला एकही माणूस माईंच्या सुनेच्या हाताखालचा नाही. कोणाची रजा ती कापू शकत नाही, कोणाचा पगार वाढवू शकत नाही. आणि तरी प्रत्येकाकडून ठरल्या दिवशी काम काढून घ्यायचं. लग्नघरात एक मामी असते बघा, जिला आहेर कोणी देत नाही पण जिला विचारल्याशिवाय अक्षतासुद्धा वाटल्या जात नाहीत, तशी ही.

“म्हणजे तगादा लावायचं काम,” माई म्हणाल्या.

अर्धं बरोबर. नुसता तगादा तर सावकारही लावतो. हिला कळावं लागतं की कशामागे काय अडकलंय. पानं पक्की झाल्याशिवाय सूची करता येत नाही, कारण सूचीत पानांचे आकडे असतात. सूची आल्याशिवाय एकूण पानं कळत नाहीत. पानं आणि कागद नक्की झाल्याशिवाय पुस्तकाचा कणा किती जाड ते ठरत नाही. आणि कणा ठरला नाही तर मुखपृष्ठ पुरं होत नाही, कण्यावरचं नाव सरकून पुठ्ठ्याच्या कडेला येतं. प्रोफेसर म्हणतो, एकच परिच्छेद वाढवतोय. त्याला वाटतं परिच्छेद. हिला दिसते अख्खी रांग.

मध्येच सांगतो, माईंची खरी तक्रार पगाराची नाहीच, जेवणाच्या वेळेची आहे. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे तिकडचा संध्याकाळचा सहाचा माणूस इकडे रात्री साडेदहाला भेटतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं मागे घेतात की तोच माणूस साडेअकराला. “त्यांचं घड्याळ फिरतं आणि आमच्या घरची भाकरी थंड होते,” असं माई म्हणतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण सहा-बावन्नची विरार लोकल पकडायला धावलेल्या माणसाला विचारा, घरून काम म्हणजे काय चैन असते ते.

तर मूळ गोष्ट वेगळीच आहे. ही सून सध्या नोकरी सांभाळून आपल्याच पट्ट्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांचं आठवणींचं पुस्तक मार्गी लावतेय. कोणाला सांगू नका, पैसे घेत नाही. आणि प्रोफेसर परवडले असं म्हणायची पाळी तिच्यावर आली आहे.

मास्तरांनी मजकूर टाइप करून घेतला होता जुन्या फाँटमध्ये. तो युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ फुटला. आता समुद्राकाठच्या माणसाचं पुस्तक! किनाऱ्यावर, वाऱ्याने, सोपाऱ्याला, मासेमाऱ्यांच्या, दुसऱ्या दिवशी. ज्या पानावर बघावं तिथे अक्षराच्या जागी चौकोन नाहीतर लंगडा र. सगळं एका फटक्यात बदलायची सोय असते, पण तिने ते केलं नाही. कारण त्या रूपांतरात ‘र्‍या’ आणि ‘र्या’ यांची सरमिसळ झाली होती, एकदम बदललं असतं तर ‘सूर्या’चं भलतंच काही झालं असतं. मग ती प्रूफं आली माझ्याकडे. डोळे गेले माझे, पण खरं सांगू, बऱ्याच दिवसांनी बोटांत लाल पेन बरं वाटलं.

ते झालं. पानं बसली २८८. सोळा पानी फर्म्याच्या हिशेबाने बरोबर अठरा फर्मे. एक पान वाया नाही. ती खूश, मी खूश. आणि मास्तर दुपारच्या उन्हात छत्री घेऊन आले, पिशवीत चार पानं. ऋणनिर्देश. त्यात सगळी भावकी, साडू, व्याही, आणि हॉल देणारे गृहस्थ. प्रकाशन समारंभाचा हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते. पुस्तक तेवढं व्हायचं होतं. आपल्याकडे हा क्रम असाच असतो.

“चारच तर पानं आहेत,” मास्तर म्हणाले.

तिने वाद घातला नाही. एक कोरा कागद घेतला, तीन वेळा मधोमध दुमडला, कडेला १ ते १६ आकडे घातले आणि उलगडून मास्तरांच्या पुढे ठेवला. १ च्या शेजारी १६. डोक्याला डोकं लावून उलटे ८ आणि ९. मास्तर चष्मा वर करून बघत राहिले. जन्मभर पुस्तकं शिकवली, पण मोठ्या कागदावर पानं अशी वेडीवाकडी छापून मग घडीत सरळ होतात हे त्यांनी पाहिलं नव्हतं. “सर, २९२ केली तर पाव फर्मा वाढतो. तो वेगळा छापायचा, वेगळा घडवायचा, नाहीतर शेवटी बारा कोरी पानं सोडायची. कण्याची जाडी बदलते ती वेगळीच. आणि बाइंडरकडे दिलेली तारीख जाते.”

मास्तरांचा चेहरा उतरला. भावकीला काय तोंड दाखवणार? तेव्हा तिने काय केलं ऐका. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू केलेलं होतं, त्यामुळे मध्ये काही डावी पानं कोरी पडत होती. तिने प्रकरणं जिथे येतील तिथे सुरू केली. चार पानं निघाली. भावकी आत गेली, फर्मे अठराच राहिले. अनुक्रमणिकेचे आकडे सगळे बदलले, ते तपासायला पुन्हा मीच. उजव्या पानावरची सुरुवात देखणी दिसते यात वाद नाही, माझ्यातला जुना प्रूफरीडर थोडा हळहळला. पण तिथे देखणेपणापेक्षा हॉलची तारीख मोठी होती आणि हे ठरवणं हेच तर तिचं काम.

माईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “हे पूर्वी कोण करायचं? पूर्वी पुस्तकं निघत नव्हती का?”

निघत होती, आणि कशी! ज्ञानकोशकार केतकरांचं घ्या. तेवीस खंड, १९२० ते १९२९. नुसतं लिहिलं नाही त्या माणसाने. त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवत फिरले, लेखक नेमले, छपाईची व्यवस्था लावली आणि सूचीला वेगळा खंड दिला. मग ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून त्या सगळ्या उलाढालीचा हिशेबही लिहून ठेवला. विद्वान म्हणून त्यांचा गौरव होतो. मला विचाराल तर त्यांची कारभारी बाजू जास्त थक्क करते. तुलना करून बघा, वाईच्या मराठी विश्वकोशाला सरकार पाठीशी होतं. पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. कमी लेखत नाही, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं काम आहे ते. पण एवढा गाडा तारखेवर ओढणं किती अवघड, ते त्यावरून कळतं.

आणि बायकांचं म्हणाल तर पंडिता रमाबाई. केडगावला मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी केलं, खिळे जुळवायला तिथल्याच मुली-बायका, छापखानाही तिथलाच. रमाबाई १९२२ साली गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. करणारी गेल्यावरही काम थांबलं नाही, याला मी व्यवस्था म्हणतो.

“आमच्या नंदाखालच्या फादरांनीपण बायबल केलंय,” माई म्हणाल्या. केलंय तर! फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’, पुण्याच्या राजहंसने काढलेलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण असलं पुस्तक हातात घेतलं की मला आधी अध्याय आणि वचनांचे आकडे दिसतात. एक आकडा खाली-वर झाला तर प्रवचनात भलतंच वचन वाचलं जाईल. ते आकडे कोणीतरी रात्री बसून जुळवलेले असतात. कोणी, ते आपण विचारत नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला श्रेयाचं पान असतं ना, त्यावर मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रक, सगळ्यांची नावं येतात. हिच्या कामाचं नाव नसतं. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपता संपत नाही, तिथे असा वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. प्रकाशक स्वतः, नाहीतर त्याच्या दुकानातला जुना माणूस, हेच करत असतो. तिला मी म्हटलं, मास्तरांच्या पुस्तकात तरी तुझं नाव घाल. तर म्हणाली, “नको काका. नाव छापलं की उरलेली भावकी मला फोन करेल.”

पुस्तक छापून झालं की काम संपलं असंही नाही. १९५४ चा कायदा आहे. प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला जायला हवी, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना. मास्तरांना हे कळलं तेव्हा ते ताठ बसले. कोलकात्याला? राजोडीच्या सुरूच्या बनातल्या आठवणी? मग लगेच त्यांना शंका आली की तिथे जाणाऱ्या प्रतीत ऋणनिर्देश नीट दिसेल ना.

एवढ्यात सूनबाई कानाला फोन लावून बाहेर आल्या. फोन ठेवला, परातीतलं एक केळं उचललं, माईंनी डोळे वटारले.

“काका, कव्हरचं शेवटचं प्रूफ बुधवारी सकाळी देते. तुम्हाला शनिवार बरा की शुक्रवार?”

“शनिवार,” मी म्हणालो. “शुक्रवारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.”

“मग गुरुवारी संध्याकाळी. पाचला येते.”

ती आत गेली. मी हो म्हणालोच नव्हतो. माई सुरी पुसत हसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, दाताच्या डॉक्टरला पगार असतो. तुम्हाला काय देते ही?”

“परवा अर्धा डझन सुकेळी दिली.”

“ती माझी होती,” माई म्हणाल्या.