वाटी तीच हवी

गाडी दादर सोडून ठाण्याला पोचायच्या आत जिच्या मांडीवर डबा उघडतो, ती. तुमच्याकडे ती मावशी असेल, आत्या असेल, समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी असतील. आमच्याकडे ती काकू आहे. समोरच्या बाकावरचा अनोळखी गृहस्थ "नको हो, आत्ताच जेवलोय" म्हणाला, की काकूला तो होकारच वाटतो. पनवेल येईतो त्याने दोन नानखटाया खाल्लेल्या असतात. रोह्याला त्याची बायको कृती विचारते. आम्ही घरची माणसं त्या क्षणाला खिडकीबाहेर बघायला लागतो, कारण पुढचं सगळं पाठ असतं.

"सोपं आहे गं," काकू सांगते. "एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, पावणेदोन वाट्या मैदा, पाव वाटी रवा. तूप हाताने फेसायचं, पांढरं होईपर्यंत. एवढंच." ती बाई फोनवर भराभरा टिपून घेते. तिचं टिपून झालं, तिने "थँक्यू हं काकू" म्हटलं, की काकू मागे टेकते आणि म्हणते, "पण वाटी ती हवी."

आणि पर्समधून वाटी काढून दाखवते.

कृती न देणाऱ्या बायकांचा मला राग येत नाही, त्या निदान सरळ असतात. पण सगळी कृती द्यायची आणि तिची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची, याला फार वरच्या दर्जाची बुद्धी लागते. बरं, ही वाटी म्हणजे काही राजघराण्यातली नव्हे. स्टीलची, बुडाला पोचा आलेली, काठ एका बाजूने चेपलेला. आमच्या आजीपासून, म्हणजे काकूच्या सासूपासून चालत आलेली. पूर्वी लग्नामुंजीत द्यायच्या भांड्यांवर नावं घालून घेत, तसं हिच्यावरही होतं. घासून घासून नाव गेलं आणि 'यांजकडून सप्रेम' एवढंच उरलं. कोणाकडून आणि कोणाला, हे आज घरात कोणीही सांगू शकत नाही. काका खासगीत सांगतात की ती भेट नसावीच, कुठल्या तरी मुंजीच्या पंगतीतून आपल्या पिशवीत आली असणार. आमच्या घराण्याच्या पाककलेचा पाया चोरीच्या मालावर उभा आहे, हे काकूसमोर म्हणायची हिंमत मात्र त्यांना अजून झालेली नाही.

काकू या घरात आली तेव्हा घरी ओव्हन नव्हता. कोणाकडेच नव्हता. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात नानखटाई भाजायला बेकरीत जायचं असे. मैदा, रवा, तूप, साखर घरून न्यायची. बेकरीवाला मळून, गोळे पत्र्यावर मांडून भट्टीत सारायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. पावाचं काम उरकून भट्टी जरा निवली की गिऱ्हाइकांचे नंबर लागत. घरातल्या कोणीतरी तिथे स्टुलावर ठिय्या देऊन बसायचं, कारण गावातल्या झाडून सगळ्या घरांची खात्री होती की आपलं तूप हा माणूस काढून ठेवतो. ही पहाऱ्याची कामगिरी नव्या सुनेवर आली. पहिल्याच वर्षी बेकरीवाल्याने तराजू काढला आणि काकूने वाटी काढली. तो म्हणाला, बाई, इथे किलोत चालतं. काकू म्हणाली, मग तुमचं तुम्ही किलोत चालवा, आमचं आम्ही मोजतो. त्या दिवशी काकूने दोन किलो मैदा वाटीने मोजला, मागे रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि पुढल्या वर्षीपासून आमच्या घराला सगळ्यांत शेवटचा नंबर मिळू लागला. काकू आजही तो मान समजते.

नानखटाई मुळात सुरतेची. तिथल्या डच लोकांच्या बेकरीची भट्टी पुढे एका पारशी माणसाने चालवायला घेतली आणि हा प्रकार तिथून पसरला, अशी हकिकत सांगतात. ती मी एकदा मोठ्या उत्साहाने काकूला ऐकवली. तिने शांतपणे ऐकून घेतली. "असेल बाबा. पण त्यांच्याकडे वाटी कुठली होती?"

पुढे घरात तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आम्ही पोरं त्या खिडकीला नाक लावायला भांडायचो आणि केक फुगताना बघायचो. ओव्हनबरोबर आलेल्या पुस्तिकेत सगळी मापं कपात होती. ती पुस्तिका लगेचच कपाटात कागद घालायच्या कामी आली. त्याच्या आधी काकू आजीकडून धोंडस शिकली होती: पावसाळ्यात मोठी तवसं आली की किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून जाड बुडाच्या पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. ज्याने धोंडस निखाऱ्यांवर भाजलंय त्याला ओव्हनने काय शिकवायचं, असा तिचा सवाल असतो. मी तो खोडून काढू शकत नाही. फक्त तेही वाटीनेच मोजलेलं असतं.

पुस्तकांचं तिचं वाचन दांडगं आहे, हे मान्य केलं पाहिजे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे १९१० सालचं पुस्तक, त्याची एक जुनी आवृत्ती तिने रद्दीवाल्याकडून आणली. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि पुढे कित्येक मुलींच्या लग्नाच्या पेटीत गेली. काकूलाही ती तिच्या आईने दिली. त्या पुस्तकाचं मोठेपण असं की त्यात सगळं नेहमीच्या वाटी-चमच्याने मोजलेलं आहे, नवशिक्या मुलीनेही घाबरू नये असं. काकूची प्रत मी चाळली आहे. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: 'ओगलेबाईंची वाटी मोठी असावी.'

प्रवासात तर वाटीला वेगळं तिकीट काढावं लागत नाही एवढंच. एकदा विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून काकूची पिशवी गेली आणि परत मागे घेतली गेली. पडद्यावर काहीतरी काळंभोर, जाड आणि चौकोनी दिसत होतं. ते धोंडस होतं. जवानाने हिंदीत विचारलं, हे काय आहे. काकूला हिंदी येतं, पण आणीबाणीच्या प्रसंगी येत नाही. तिने फॉइल सोडली आणि म्हणाली, "कापून दाखवते. सुरी आहे का?" सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहून सुरी मागणारी दुसरी बाई त्या जवानाने पाहिली नसावी. शेवटी त्याने वास घेतला, हसला आणि पिशवी सोडली. "खाल्लं असतं बिचाऱ्याने," ती विमानात बसेपर्यंत हळहळत होती, "ड्यूटीवर होता म्हणून."

कोकण रेल्वेवर तिची सर्वांत आवडती जागा म्हणजे रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर. लोकांना पानवल नदीवरचा उंच पूल आवडतो, दरीकडे बघून फोटो काढतात. काकूला बोगदा, कारण बोगद्यात मोबाइलची रेंज जाते आणि माणसं हाती लागतात. गाडी आत शिरली की डबा फिरतो. आमच्या घरातले बरेच रुसवेफुगवे त्या साडेसहा किलोमीटरमध्ये मिटले आहेत. तोंडात तूपसाखर असताना नीटसं भांडता येत नाही.

त्याच गाडीने एकदा आम्ही सगळे गोव्याला गेलो. काकांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याचं घर मडगावला, तिथे चहाला थांबायचं आणि मग जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च बघायचं, असं ठरलेलं. सहकाऱ्याच्या वृद्ध आई स्वयंपाकघरात बेबिंका करत होत्या. अंड्यातला पिवळा बलक, नारळाचं दाट दूध, साखर, थोडा मैदा, जायफळ. एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तांबूस झाला की चमचाभर तूप आणि मग दुसरा थर. परंपरेने सात. बेबिंकाला घाई चालत नाही आणि काकूला बेबिंका सोडून जाणं चालेना. तिसऱ्या थराला तिने कृती विचारली. त्या म्हाताऱ्या बाईंनी सगळं सांगितलं, मोकळ्या मनाने, अर्धं कोंकणीत अर्धं मराठीत. मग हात पुसले, फडताळातून कान तुटलेला एक चिनी मातीचा कप काढला आणि म्हणाल्या, "पूण माप ह्या कपान."

काकूचा चेहरा त्या क्षणी ज्याने पाहिला नाही त्याने गोवा पाहिला नाही. तिने काही न बोलता पर्स उघडली. दोघींनी कप आणि वाटी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. त्या बाईंनी कपात काठोकाठ नारळाचं दूध भरलं आणि वाटीत ओतलं. थोडा फरक निघाला. वाटी लहान की कप मोठा, यावर एकमत झालं नाही, पण सातव्या थरापर्यंत दोघी सुना, गुडघे आणि नारळाचे भाव या विषयांवर पोचल्या होत्या. बॉम जेझूस राहिलं ते राहिलंच. पुढे २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा काकूला बेबिंकाबद्दल आनंद झाला, आणि वाटीसाठी अर्ज कुठे करायचा हे तिने विचारलं.

आता काकूची सून. ती सी.ए. आहे, आणि सी.ए. माणसाला 'वाटी' या शब्दाने झोप लागत नाही. तिने डिजिटल काटा आणला. म्हणाली, आई, तुम्ही करा नेहमीसारखं, मी फक्त बाजूला बसून वजन लिहिते, म्हणजे एकदाची कृती कायमची नोंदवली जाईल. काकूने हरकत घेतली नाही. तिचा वाटीवर पूर्ण विश्वास होता. सून दोन-तीन खेपा बाजूला बसली आणि मग मला फोन करून म्हणाली, "भावजी, काहीतरी घोळ आहे. वाटी तीच. आई त्याच. आकडा दर वेळी वेगळा."

घोळ नव्हता. सुनेनेच तो पुढे उलगडला, कारण तिने आकड्यांसमोर कोणासाठी केलं तेही लिहिलं होतं. काकांना साखर निघाल्यापासून त्यांच्या घाण्यात पिठीसाखरेची वाटी गळ्यापर्यंतच भरत होती. नातीच्या वसतिगृहात पाठवायच्या डब्यासाठी तीच वाटी शीग लावून. माझ्या आईसाठी तूप जास्त, कारण आईला कवळी होती आणि कडक नानखटाई तिला चावत नसे. माझ्या वाट्याची कशी होती ते मी विचारलं. सून म्हणाली, "सपाट." ठीक आहे.

आई गेली त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीचं काही केलं नाही. दुःखाच्या घरी कढई चढवत नाहीत, फराळ नातेवाईक आणून देतात. नरकचतुर्दशीला सकाळी काकू डबा घेऊन आली. डब्यातली नानखटाई पसरट झालेली, एकमेकींना चिकटलेली, हात लावला की मोडणारी. बाबांनी एक उचलली, खाल्ली आणि सवयीने म्हणाले, "तूप जास्त झालंय."

"हो," काकू म्हणाली. "वाटीच तशी आहे."

एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच वाटीला दोष दिला. बाबांनी आणखी एक घेतली.

गेल्या वर्षी नात शिकायला डब्लिनला गेली. सामानात काय द्यायचं यावर घरात खल झाला: प्रेशर कुकर, मसाले, स्वेटर. निघताना काकूने पर्स उघडली आणि ती वाटी तिच्या बॅगेत टाकली. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता घरातली नानखटाई संपली. दिवाळीला काकूने फुलपात्राने मोजून केली. तशीच झाली. कोणी आश्चर्य दाखवलं नाही, कारण तसं करणं धोक्याचं होतं.

डब्लिनला मात्र पहिला घाणा दगड झाला. व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होतो. पडद्यावर नात, तिच्यामागे ओव्हन, हातात वाटी.

"आजी, वाटी तीच आहे. मग चुकतंय कुठे? शीग लावून घ्यायची की सपाट?"

"खाणार कोण आहे?" काकूने विचारलं.

"आम्हीच गं. मी, दोघी मैत्रिणी आणि एक मित्र येतो कधीकधी."

काकूने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. फोन डोळ्यांजवळ आणला.

"कोण मित्र?"

कृती त्यापुढे सरकली नाही. मुलगा पोर्तोचा आहे, त्याला अंडं चालतं, तो भांडी घासतो, एवढं अर्ध्या तासात कळलं. शेवटी नात रडकुंडीला येऊन म्हणाली, आजी, तुपाचं सांग ना. काकू म्हणाली, त्याला आधी इकडे घेऊन ये, मग सांगते.